राव गेला त्या दुपारी

सुप्रभा देवस्थळीला कुत्री आवडत नसत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिरजेला असताना गल्लीतल्या कुत्र्यांच्या धास्तीने ती शाळेला लांबच्या वाटेने जायची, आणि लग्न होऊन इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आल्यावर शेजारच्यांचं कुत्रं कुंपणापलीकडून नुसतं खाकरलं तरी वाळत घालायचे कपडे तिथेच टाकून घरात पळायची. पुढे मोटारींचा कारखाना बंद पडून नवरा घरी बसला, आणि एक दिवस तो पट्ट्याला धरून भलामोठा, हाडं निघालेला ग्रेहाउंड घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने त्याला काय काय ऐकवलं असेल याची कल्पना करावी. "तुम्ही रिकामे झालात म्हणून मी आता घोडं पाळायचं का?" हे त्यातलं सगळ्यात गोड वाक्य.

उल्हासने कुत्र्याला आत घेतलं. कारखान्यातल्या यंत्रांनी त्याचे कान अर्धे नेले होते, आणि उरलेले अर्धे तो बायकोवर खर्च करत नसे.

कुत्रा शर्यतीतून निवृत्त झालेला होता. निवृत्त कसला, हाकललेला. सहा कुत्र्यांत हा बहुतेक वेळा सहावा यायचा, म्हणून मालकाने काढून टाकला होता. "आम्ही दोघे एकाच भावाने निघालो," असं उल्हास म्हणायचा आणि एकटाच हसायचा. अंगावर मांस नाही, पण ऐट अशी की उन्हं वर आल्याशिवाय उठायचं नाही, पावसात पाऊल टाकायचं नाही, सोफ्याशिवाय पाठ टेकायची नाही. म्हणून त्याचं नाव पडलं राव. जिना मात्र तो कधी चढला नाही. जन्म सगळा पिंजऱ्यात आणि मैदानात गेलेला, त्याला जिना म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पहिल्या पायरीशी उभा राहून तो थरथर कापायचा.

दोन हजार दोन साली उल्हास गेला. झोपेतच गेला, कुणाला काही त्रास न देता, जसा जगला तसाच. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मुलगी तनू मँचेस्टरला आपल्या नोकरीवर परत गेली, आणि त्या घरात सुप्रभा वर आणि राव खाली असे दोन जीव उरले. चार-पाच रात्री ती वरच्या खोलीत पडून खालचं कण्हणं ऐकत राहिली. मग तिने शेजारच्या मुलांना बोलावून आपला पलंग खालच्या बैठकीत आणवला. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

तिची नोकरी होती वृद्धाश्रमात. नाव विलो लॉज. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, त्यांची तीच ती गोष्ट नव्याने ऐकायची. दहा-अकरा वर्षं ती हे करत होती आणि चांगलं करत होती. तिथे तिला कुणी सुप्रभा म्हणत नसे, सगळे सू म्हणत. हे बारसं पहिल्याच दिवशी डेनीजने केलं होतं. डेनीज तिच्याच वयाची, टाइल हिलला राहणारी, घोगऱ्या आवाजाची बाई. मागच्या अंगणात उभी राहून सिगारेट ओढायची आणि मॅनेजरबाईंची नक्कल करायची. उल्हास गेला तेव्हा स्मशानात तनूचा हात धरून उभी राहिली होती ती डेनीजच. सुप्रभाने तिला कांदेपोहे खायला शिकवलं, तिने सुप्रभाला शिव्या शिकवल्या. परदेशात अशी एक मैत्रीण मिळाली की माणूस तरून जातं, आणि सुप्रभा तरून गेली होती.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात राव पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला. सुप्रभाला वाटलं थंडी बाधली असेल. तिने हळद-तेल चोळलं, उल्हासचा जुना स्वेटर कापून त्याला घातला. व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरीणबाईने, पायाचा फोटो काढला तेव्हा कळलं की हाडाचा कॅन्सर आहे आणि पाय कधीही मोडेल. "त्याला खूप दुखत असणार, तो दाखवत नाही," व्हेट म्हणाली. याच्यावर एकच उपाय उरला होता, आणि कुठला ते सुप्रभाला समजायला कुणाच्या इंग्रजीची गरज नव्हती.

तिने मॅनेजर मिसेस हॅलोरन यांच्याकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारल्यावर "घरचं काम आहे" एवढंच म्हणाली. कुत्र्यासाठी रजा मागायला जीभ रेटेना. मिसेस हॅलोरन यांनी नकारार्थी मान हलवली. वरच्या मजल्यावर चार माणसं हवीत तिथे त्या दोघींवर भागवत होत्या, रजा कुठून देणार? मग सुप्रभाने शिफ्ट संपल्यानंतरची, दिवसातली शेवटची वेळ व्हेटकडून मागून घेतली आणि त्या दिवशी नेहमीसारखी कामावर गेली.

त्या दिवशी तिच्याकडे मिस्टर पेनफोल्ड होते. नव्वदीला आलेला हाडकुळा, सभ्य माणूस. जन्म सगळा विमानांच्या कारखान्यात गेला होता, आणि आता डोक्यात काळ मागे-पुढे झाल्यामुळे दुपार झाली की त्यांना वाटायचं, आपल्याला पाळीला उशीर होतोय. मग ते खुर्चीतून उठायला बघायचे. उठले की पडणार हे ठरलेलं, म्हणून त्यांच्याजवळ सतत कुणीतरी बसायचं असा नियम होता. सुप्रभा बसली. त्यांचा हात धरून, "बस अजून आली नाही, मिस्टर पेनफोल्ड," असं वीसदा म्हणाली.

शिफ्ट संपताना डेनीज आली. सुप्रभाने तिला सगळं नीट सांगितलं. चहा झालाय, गोळ्या झाल्यात, आज सारखे उठताहेत, क्षणभर सोडू नकोस. डेनीज शेजारच्या स्टुलावर टेकली. सुप्रभाने कोट चढवला, तिला येते म्हणून सांगितलं आणि निघाली. "टारा अ बिट, सू," डेनीज मागून म्हणाली. थोड्या वेळाने भेटू, असं; इकडची माणसं निघणाऱ्याला तेच म्हणतात.

व्हेटकडचं काम लवकर आटोपलं. घरी येऊन सुप्रभा कोट न काढता सोफ्यावर बसली. पुण्याहून नणंदेचा फोन आला. अरुणा मनाने वाईट नव्हती, पण बोलायला लागली की समोर माणूस आहे हे विसरायची. "मेलं का गं वहिनी ते एकदाचं? सुटलीस बाई!" सुप्रभाने "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. आपल्याकडे माणूस जातो आणि कुत्रं मरतं. चार वर्षं जो आपल्या पलंगाशेजारी झोपला तो गेला की मेला, हे तिचं तिलाच ठरवता येईना. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत बसली, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मिसेस हॅलोरन होत्या. उद्या आल्यावर मजल्यावर जाऊ नकोस, थेट ऑफिसात ये, असं त्यांनी सांगितलं.

सुप्रभा तिकडे रावजवळ होती, त्याच तासात मिस्टर पेनफोल्ड खुर्चीतून उठून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. पडले तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी घंटा वाजवली म्हणून डेनीज तिकडे गेली होती.

"डेनीज म्हणते की तू परत येते असं सांगून गेलीस," दुसऱ्या दिवशी मिसेस हॅलोरन म्हणाल्या. "तू येशील या भरवशावर ती उठली."

सुप्रभाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मी? परत कशाला येईन? माझी शिफ्ट संपली होती. मी तिला सगळं सोपवून गेले."

"म्हणजे डेनीज खोटं बोलतेय?"

"हो," सुप्रभा म्हणाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "खोटं बोलतेय ती. खोटारडी आहे."

मिसेस हॅलोरन यांनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून अगदी मऊ आवाजात विचारलं, "सू, काल तू एवढ्या घाईने कुठे निघाली होतीस?"

खरं बोलणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते की त्याला दुसरं काही सुचत नाही. "माझा कुत्रा आजारी होता," सुप्रभा म्हणाली. "काल त्याला सुई देऊन कायमचं झोपवलं."

"ओह, सू. आय ॲम सो सॉरी." बाईंचा चेहरा खरोखरच हळवा झाला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असेल. आणि त्याच हळव्या चेहऱ्याने त्यांनी पेन पुन्हा उचललं. "म्हणजे दिवसभर तुझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ते साहजिकच आहे गं. निघताना आपण काय बोललो हेही तुला आठवत नसेल, नाही का?"

चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही, असं सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं. जिन्यात डेनीज भेटली. तिने मान खाली घातली आणि चादरींचा गठ्ठा छातीशी धरून बाजूने निघून गेली.

त्या आठवड्यात सुप्रभाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. खोटं कोण बोलतंय हे तिला पक्कं माहीत होतं, तरी मनात किडा वळवळत होताच. खरंच आपलं चित्त थाऱ्यावर नव्हतं का? खरंच काही भलतं बोलून गेलो का? स्वयंपाकघरात रावची भांडी तशीच पडली होती. तिकडे नजर गेली की रडू यायला लागायचं, आणि लगेच मिस्टर पेनफोल्ड जमिनीवर पडलेले दिसायचे. मग रडू मागे फिरायचं. एक म्हातारा माणूस हाड मोडून हॉस्पिटलात पडलेला असताना कुत्र्यासाठी रडायचं म्हणजे तिला पाप वाटायला लागलं. रावच्या शेवटच्या घटकेची आठवणसुद्धा ती मनात येऊ देईना.

शनिवारी तनू आली. इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली, मँचेस्टरच्या कौन्सिलमध्ये नोकरी करणारी मुलगी. तिचं मराठी आई-बापांकडून ऐकीव, मोडकंतोडकं, पण आईशी ती हट्टाने तेच बोलायची. सुप्रभाने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"वेट, वेट," तनू म्हणाली. "आई, निघताना तू एक्झॅक्टली काय म्हणाली?"

"काय म्हणणार? येते म्हटलं."

"मराठीत?"

"वेडी आहेस का? डेनीजला मराठी कुठलं येतंय? इंग्लिशमध्येच म्हटलं. आय विल कम."

तनूने हातातला कप ओट्यावर ठेवला. "ओ माय गॉड, आई."

"काय झालं?"

"इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ तसा नाही होत. इट मीन्स, मी परत येणार. तू आत्ता येणार." तनूचा चेहरा उतरला होता. "तू नेहमी असंच बोलते. मी लहान होती तेव्हा माझी स्विमिंगची टीचर, मिसेस डन, आठवते? तू तिला आय विल कम म्हणून गेली आणि ती बिचारा गेटवर उभा राहिला, तू येणार म्हणून. आय वॉज सो एम्बॅरस्ड. मी तुला सांगितला नाही कधी."

सुप्रभा खुर्चीवर बसली. घरातून निघणाऱ्याने जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे तिच्या आईने तिला बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं. जाते म्हणायचं ते शेवटचं. चुकून तोंडातून निघालं तर आई उंबऱ्यावरून परत बोलवायची, पाटावर बसवायची, आणि नीट येते म्हणवून घेऊन मगच सोडायची. इंग्रजी शिकताना सुप्रभाने सगळे शब्द बदलले, पण हा शब्द कुणी बदलायला सांगितला नाही, आणि तिच्या तोंडून तरी आय ॲम गोइंग असं अभद्र कसं निघणार? उल्हासही तसंच म्हणायचा. तीस वर्षं दोघे नवरा-बायको या देशाला मी येतो, मी येते असं सांगत निघत राहिले होते.

"म्हणजे डेनीज खरं बोलतेय," ती म्हणाली. "आणि मी तिला खोटारडी म्हणाले."

"आई, तुझा चूक नाही. तू सगळं सांगितली होती ना तिला, सोडू नको म्हणून? आणि दोन माणसांवर फ्लोअर चालवतात ती चूक मॅनेजरची आहे. तू हे वर्ड्सचं त्यांना सांगू नको. प्लीज. दे विल पुट इट ऑल ऑन यू."

"मी एका माणसाला खोटारडं म्हटलंय, तनू."

"सो व्हॉट? शी लेफ्ट हिम."

पण सुप्रभा ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. तिच्या मनाने सगळा हिशेब आपल्याच माथी मारून टाकला होता. आपण येते म्हटलं. डेनीजने विश्वास ठेवला. म्हातारा पडला. आणि आपल्याला घाई झाली होती ती कशाची, तर रावची. घाई नसती तर दोन शब्द जास्त बोललो असतो, माझी शिफ्ट संपली, उद्या भेटू, असं काहीतरी. म्हणजे सगळं जाऊन थांबलं त्या मुक्या जनावराशी. त्या रात्रीनंतर तिला रावचा रागसुद्धा यायला लागला, आणि राग आला की स्वतःची इतकी शरम वाटायची की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

चौकशीच्या आदल्या दिवशी मिस्टर पेनफोल्ड हॉस्पिटलमध्ये वारले. न्यूमोनिया झाला. या वयात हाड मोडून अंथरुणाला खिळलं की असं होतं, हे सुप्रभाने कितीदा पाहिलं होतं. पण हे हाड तिच्या नावावर होतं.

चौकशीला मिसेस हॅलोरन होत्या आणि मुख्य ऑफिसातून आलेला एक सुटाबुटातला माणूस होता. त्याने पाण्याचा ग्लास सुप्रभापुढे सरकवला. फार सभ्य होता. सुप्रभा म्हणाली, "मला आधी एक सांगायचंय. डेनीज खोटं बोलत नाही. मी तो शब्द मागे घेते." आणि मग तिने समजावून सांगितलं, आमच्या भाषेत निघताना कसं म्हणतात, का म्हणतात. तो माणूस लक्ष देऊन ऐकत होता. भाषा कुठली, असंही त्याने विचारलं, आणि मराठी हा शब्द दोनदा म्हणून बघितला. सुप्रभाला वाटलं, याला समजतंय.

"फार इंटरेस्टिंग," तो म्हणाला. "म्हणजे आय विल कम असं तुम्ही म्हणालात, हे तुम्हाला मान्य आहे?"

"हो, पण त्याचा अर्थ..."

"थँक यू. एवढंच हवं होतं."

चार माणसांचं काम दोघींवर ढकललं होतं, त्याबद्दल त्या खोलीत कुणी अवाक्षर काढलं नाही. रजा मागितली होती आणि मिळाली नव्हती, हेही कुणाला आठवलं नाही. पेनफोल्डांच्या मुलाला दोष द्यायला कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि सुप्रभाने आपलं नाव स्वतःच्या हाताने पुढे केलं होतं. तिला काढून टाकलं. निष्काळजीपणा, असा शेरा मारून काढलं, म्हणजे दुसरीकडे कुठे कुठल्या म्हाताऱ्याचं तोंड पुसायलासुद्धा तिला कुणी उभं करणार नव्हतं. निघताना मिसेस हॅलोरन यांनी तिचा हात हातात घेतला आणि कुत्र्याबद्दल पुन्हा एकदा सॉरी म्हटलं. आपण खापर तिच्या डोक्यावर फोडलंय हे त्या बाईंच्या गावीही नव्हतं.

सुप्रभाला आता एकच काम उरलं होतं. डेनीजची माफी मागायची. फोन तिने दोनदा केला, डेनीजने उचलला नाही. मग ती बसने टाइल हिलला गेली आणि दार वाजवलं.

डेनीजने दार उघडलं, पण पूर्ण नाही. "सू, आज नको."

"दोन मिनिटं," सुप्रभा म्हणाली. "माफी मागायला आलेय."

माफी म्हटल्यावर डेनीजचा चेहरा विचित्र झाला. ती स्वयंपाकघरात गेली, सुप्रभा मागोमाग. टेबलावर राखेने भरलेली बशी होती. डेनीजने किटली लावली नाही. या घरात असं कधी झालं नव्हतं.

सुप्रभाने उभ्या-उभ्याच सुरुवात केली. मी तुला खोटारडी म्हणाले, ते चुकलं. तू जे ऐकलंस ते मी खरंच म्हटलं होतं. आमच्याकडे जाते म्हणत नाहीत, अशुभ असतं, म्हणून मी... तिला मध्येच इंग्रजी शब्द सुचेना. डेनीज खिडकीकडे तोंड करून सिगारेट ओढत होती.

"थांब सू," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ते. तू निघताना म्हणतेस ते." डेनीज वळली. तिचे डोळे लाल होते. "अकरा वर्षं रोज म्हणतेस. कोट घालतेस, आय विल कम म्हणतेस आणि घरी जातेस. मी कधी तुझी वाट बघितलीय? पहिल्या आठवड्यात एकदा बघितली असेन. मी टारा अ बिट म्हणते, तेव्हा थोड्या वेळाने आपण भेटतो का? बोलायचं म्हणून बोलतात माणसं."

डेनीजने सिगारेट बशीत चुरडली.

"घंटा वाजली म्हणून मी गेले. मजल्यावर दुसरं कुणी मोकळं नव्हतं, सू, मी काय करणार होते? परत आले तर तो खाली. मिसेस हॅलोरन यांनी विचारलं, सू जाताना काय म्हणाली? मी म्हटलं, आय विल कम म्हणाली. एवढंच. त्या म्हणाल्या, म्हणजे ती परत येणार होती. आणि मी... मी काही बोलले नाही."

तिने एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

"आता सांगशील?" सुप्रभाने विचारलं.

डेनीजने नकारार्थी मान हलवली. "मी अठ्ठावन्नची आहे. गॅरीची पाठ गेलीय, तो घरी बसून आहे. मला कोण ठेवणार?"

मला तरी कोण ठेवणार, हे सुप्रभाच्या ओठांवर आलं होतं. राग येईल असं तिला वाटलं. या बाईच्या झिंज्या उपटाव्यात, तिनेच शिकवलेल्या शिव्या तिला घालाव्यात, असं व्हायला हवं होतं. पण आतून भलतंच काही वर येत होतं. म्हणजे त्या दुपारी आपण काही चुकीचं बोललो नव्हतो. आपलं चित्त थाऱ्यावर होतं. आपण म्हाताऱ्याला नीट सोपवलं, जिच्यावर सोपवलं तिला सगळं कळलं होतं, आणि मग आपण आपल्या कुत्र्याकडे गेलो. रावपायी कुणी पडलं नव्हतं. राव त्या दुपारी नुसता गेला होता, आणि त्याचं जाणं गेले तीन आठवडे या लोकांनी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

ती खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने रडायला लागली. उल्हास गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा घरात पाहुणे होते. डेनीजने घाबरून तिच्या पाठीवर हात ठेवला. सुप्रभाने तो हात काढून टेबलावर ठेवला.

"माझा कुत्रा गेला, डेनीज."

"आय नो, लव."

"तुला नाही माहीत. कुणालाच नाही माहीत. बस."

डेनीज बसली. आणि सुप्रभाने तिला सांगायला सुरुवात केली. त्याला डब्यात दहीभात नेला होता, व्हेटच्या दारात त्याने दोन घास खाल्ले आणि मग नुसता तिचा हात चाटत राहिला. आत तो सगळा भार तिच्या मांडीवर टाकून उभा होता. पायावरचे केस काढताना यंत्राचा आवाज झाला, तर त्याने वर तिच्याकडे बघितलं, काही होणार नाही ना अशा नजरेने, आणि ती त्याला नाही रे राजा, काही होणार नाही म्हणाली. सुई टोचणारी पोरगी नवखी होती, तिला शीर पटकन सापडेना. तो कसा हळूहळू जड झाला. जीभ बाहेर राहिली होती, ती बोटाने आत सारावी लागली. मोकळा पट्टा हातात घेऊन बाहेर येताना पोपटाचा पिंजरा घेतलेल्या एका माणसाने तिच्यासाठी दार धरलं, तर ती त्याला थँक यू म्हणाली. हे सगळं ती पहिल्यांदाच बोलत होती, निम्मं इंग्रजीत आणि निम्मं मराठीत.

डेनीज दोनदा उठायला गेली. "बस," सुप्रभा म्हणाली, आणि डेनीजला बसावं लागलं.